हाक मारली, पण ‘ओ’ मिळेना!

मैत्रिणींनो, मागच्या वेळी आपण पावसाळ्यात डाळी-धान्याला कीड लागू नये म्हणून काय काय करावं ते पाहिलं. आज डबे-बरण्या जरा बाजूला ठेवू या आणि पुस्तकांकडे वळू या. ‘पुस्तकांचं आता काय राहिलंय, सगळं तर मोबाईलमध्ये आहे,’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणालीच, तर मी तिला दोष देणार नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत होते!

झालं असं, की घर आवरताना कपाटाच्या खणात वाचनालयाचं कार्ड सापडलं. दोन वर्षं मी तिकडे फिरकलेच नव्हते. वर्गणी काही फार नाही, पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला पै-पैचा हिशोब ठेवावा लागतो. मनात आलं, पाककृती मोबाईलवर, रांगोळ्या मोबाईलवर, मुलीचा अभ्यास मोबाईलवर. कादंबऱ्यासुद्धा भिशीच्या ग्रुपवर आपोआप येऊन पडतात. मग वाचनालयात अनामत अडकवून कशाला ठेवायची? उद्या जाऊन परत घेऊ, असं मी ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी मुलगी शाळेतून प्रकल्प घेऊन आली. ती नववीत आहे. विषय होता ‘आपल्या भागातील साहित्यिक’. मी म्हटलं, ‘‘मग बी. रघुनाथांवर लिही की!’’ आम्ही सेलूला राहतो. इथून परतूरकडे गाडीने निघालं की वाटेत सातोना स्टेशन लागतं. त्या सातोन्याला १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. हेच पुढे बी. रघुनाथ म्हणून गाजले. सातोना आता जालना जिल्ह्यात मोडतं. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडे गेला, पण त्याआधी ते आपल्या परभणीचंच गाव. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी करायची, आणि ती सांभाळून कविता, कथा, कादंबऱ्या लिहायच्या, असं त्यांचं आयुष्य. १९५३ साली, अवघ्या चाळिशीत ते गेले.

ही सगळी माहिती मोबाईलने मिनिटभरात दिली, बरं का. जन्म, मृत्यू, पुस्तकांची यादी, सगळं. मुलगी खूष, मीही खूष. पण त्यांच्या बाईंनी एक अट घातली होती, लेखकाचं निदान एक पुस्तक प्रत्यक्ष पाहून त्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहायचं. यादीत एका कादंबरीचं नाव होतं ‘ओ’. एवढंच, एकच अक्षर. मुलीला ते नाव भारी आवडलं. तिने शोधाच्या रकान्यात टाकलं ‘ओ’.

आता एका अक्षरावर ते बिचारं यंत्र तरी काय शोधणार? ‘ओ’ने सुरू होणारी सिनेमाची गाणी आली, बाराखडी आली, कसल्याशा जाहिराती आल्या. सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘काय करायलात गं मघापासून ओ-ओ? हाक मारली की ओ द्यायची असती. तुम्ही हाकच ‘ओ’ अशी मारायलात, मग त्यानं काय म्हणावं?’’

आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. पण नंतर वाटलं, सासूबाई बोलल्या ते खरंच आहे. मग लेखकाचं नाव जोडून पाहिलं. पुस्तकाचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी सापडला, पण पुस्तक काही आमच्या हाती लागलं नाही.

हे असं का होतं, ते मी जरा समजून घेतलं. आपल्याला वाटतं, आपण शब्द टाकला की यंत्र सगळ्या जगातली पुस्तकं उघडून वाचतं. तसं नसतं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी, तशीच एक प्रचंड सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. आपण विचारलं की ते त्या सूचीत पाहतं. जे सूचीत आलं ते सापडतं. जे आलं नाही ते जगात असूनही त्याच्या लेखी नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. जुन्या पुस्तकाची पानं यंत्रावर ठेवून त्यांची छायाचित्रं घेतली, म्हणजे ते पुस्तक शोधता येतं असं नाही. छायाचित्र म्हणजे नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करावा लागतो. आपली जोडाक्षरं, रफार, जुन्या छपाईतले तुटके खिळे, पिवळा पडलेला कागद यांपुढे यंत्र अडखळतं आणि कशाचं काहीही वाचतं. मग माणसांना बसून ते तपासावं लागतं. मराठी ‘विकिस्रोत’वर असं काम कितीतरी मंडळी एक पैसा न घेता करतात. फळीवर तीस डबे ओळीने लावले, पण एकावरही चिठ्ठी नाही, तर पाहुणीला जिरं सापडेल का? नुसती छायाचित्रं घेतलेल्या पुस्तकांचं तसंच आहे. डबा आहे, आत जिन्नस आहे, पण बाहेरून कळायला मार्ग नाही.

अखेर दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी वाचनालयात गेलो. माझ्या पर्समध्ये कार्ड होतं. अनामत परत घ्यायचा विचार अजून मनातून गेला नव्हता, हे कबूल करते.

ग्रंथपाल काकांना मुलीने नुसतं ‘ओ’ म्हटलं, तर ते उठले आणि शिडी लावून वरच्या खणातून रेक्झिनची बांधणी केलेलं एक जुनं पुस्तक काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. ना रकाना, ना सूची! नाव एका अक्षराचं असलं तरी त्यांना ते ठाऊक होतं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का किती वर्षांपूर्वीचा होता, ते मी इथे सांगत नाही. आम्हा सगळ्यांनाच लाज वाटेल.

आणि मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. त्याच कपाटात नरहर कुरुंदकर होते. त्यांचं कुरुंदा गावही पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होतं. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेलं. शेजारी इंद्रजित भालेरावांच्या कविता होत्या. मुलगी ‘ओ’ घ्यायला गेली आणि तीन पुस्तकं काखोटीला मारून आली. मोबाईल आपण विचारलं तेवढंच देतो. जे विचारायचं आपल्याला सुचलंच नसतं, ते कपाटासमोर उभं राहिल्यावर हाती लागतं. हा फरक मला त्या दिवशी कळला.

काकांशी बोलताना दुसरी एक गोष्ट निघाली, आणि मला खरा चटका बसला तो तिथे. अलीकडच्या एका लोकप्रिय लेखिकेच्या कादंबरीसाठी बायकांची रांग असेल असं मला वाटलं होतं. काका म्हणाले, ‘‘कुठली रांग ताई! पीडीएफ फिरतंय ना सगळ्यांच्या मोबाईलवर. मागणीच नाही, तर दुसरी प्रत घेऊ कशी?’’

मैत्रिणींनो, ते पीडीएफ आमच्या भिशीच्या ग्रुपवर मीच पाठवलं होतं! मला कुणीतरी पाठवलं, मी पुढे ढकललं. वर ‘वाचा गं, छान आहे’ असंही लिहिलं. माझ्या मते मी वाचनसंस्कृती वाढवत होते. पण हिशोब करा. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्यातून छपाई, कागद, दुकानदाराची सूट वजा जाता लेखिकेच्या हाती काय उरत असेल? आपल्या गल्लीतल्या एखाद्या वहिनी पापड लाटून संसाराला हातभार लावतात. त्यांच्या घरातून पापडांचा डबा उचलून कुणी कॉलनीभर फुकट वाटला, तर आपण ‘वा, काय उदार बाई’ म्हणू का? मी ते पीडीएफ ग्रुपवरून काढून टाकलं आणि का काढलं तेही लिहिलं. दोघी-तिघी रुसल्या. रुसू देत.

याचा अर्थ फुकट मिळणारं सगळंच चोरीचं असतं असं मुळीच नाही. आपल्या देशाच्या १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखक वारल्यानंतर पुढचं वर्ष लागलं, की तिथून ६० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. पुढे ते सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणालाही वाचायला, छापायला मोकळी झाली. बी. रघुनाथांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं २०१४ च्या आरंभापासून मोकळी झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात. थोडक्यात, अडचण कायद्याची नाही. ती पुस्तकं कुणीतरी यंत्रावर चढवून, अक्षरं तपासून, नीट ठेवायला हवीत, एवढंच काम आहे.

असं काम जिथे झालं आहे तिथे मोबाईलचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मराठी विश्वकोशाचंच घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला हे प्रचंड काम उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या जाडजूड खंडांचा संच घरी कोण घेणार आणि ठेवणार कुठे? आज तो सगळा मोबाईलवर फुकट वाचता येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तो आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने शब्द टाकून शोधता येतील असे ठेवले आहेत. सासूबाईंच्या तोंडचा एखादा शब्द मला अडला की मी आता तिथे पाहते. मुलांसाठी ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतही चित्रकथा आहेत. २०१५ साली ‘प्रथम बुक्स’ने ते सुरू केलं. त्या वाचायला पैसे पडत नाहीत आणि कुणाचं काही चोरलंही जात नाही.

वाद काही आपल्याकडेच आहेत असं नाही. गूगलने २००४ मध्ये मोठमोठ्या ग्रंथालयांतली पुस्तकं यंत्रावर चढवायला घेतली, तेव्हा अमेरिकेतले लेखक दुसऱ्याच वर्षी कोर्टात गेले. शोधण्यापुरतं पुस्तक सूचीत घ्यायला आणि त्यातल्या चार ओळी दाखवायला हरकत नाही, असा निकाल लागून ते प्रकरण २०१६ साली मिटलं. मात्र अख्खं पुस्तक वाटण्याची मुभा त्यातून कुणालाही मिळालेली नाही.

आता सासूबाईंची गोष्ट सांगते, मग कामाच्या सूचनांकडे वळू. सासूबाईंना वाचता बेताचंच येतं. वाचनालयाशी त्यांचा कधी संबंध आला नाही, आणि खरं सांगायचं तर वाचनालयाच्या कपाटांतही त्यांच्यासारख्या बायकांचं फारसं काही नसतं. एका रात्री मी त्यांना मोबाईलवर जात्यावरच्या ओव्या लावून दिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा करून घेतल्या होत्या. ‘परी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यात आपल्या ताडकळसच्या एका बाईंचा आवाज आहे. तो ऐकला आणि सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. ‘‘अगं, ही तर आपल्याकडचीच बाई हाय!’’ म्हणाल्या. मग हळूच त्यांनी त्यांच्या आईची एक ओवी म्हटली. लग्न होऊन मला पंधरा वर्षं झाली, त्यांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जे कुठल्याही पुस्तकात नव्हतं ते मोबाईलमुळे घरात आलं, आणि जे मोबाईलमध्ये नव्हतं ते वाचनालयाच्या वरच्या खणात निघालं. तेव्हा एकाला धरून दुसऱ्याला सोडायचं कारण नाही. आता आपल्याला घरबसल्या काय करता येईल ते पाहू.

शोधताना एकच शब्द टाकू नका. लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव आणि सोबत ‘कादंबरी’ किंवा ‘कविता’ असं टाका. नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहा, टिंब देऊन आणि न देऊन. सगळ्यात वर जाहिराती असतात, त्या ओळखून खाली उतरा. हल्ली वरच यंत्राने जुळवलेलं उत्तरही येतं. ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं. म्हणून मुलांना सांगा, वहीत उतरवण्याआधी ते कुणी लिहिलंय ते पाहायचं आणि दुसऱ्या एका ठिकाणी ताडून घ्यायचं.

पुस्तकाचं पीडीएफ आलं तर पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबा. लेखक हयात आहे का? गेले असतील तर कधी? साठ वर्षं झाली का? नसतील झाली, तर लेखकाने किंवा प्रकाशकाने ते स्वतः खुलं केलंय का? तसंही नसेल, तर पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. भिशीतल्या चौघींनी मिळून एक प्रत घेऊन आळीपाळीने वाचली, तर त्यात काहीच गैर नाही.

वाचनालयात नाव नोंदवा, आणि नोंदवलं असेल तर ते राहू द्या. यात नुसती भावना नाही, हिशोबही आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, १९५५ साली, तिथे ग्रंथालयांचा कायदा झाला. मग महाराष्ट्राने १९६७ साली आपला केला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यावर अनुदान ठरतं. वर्ग ठरवताना सभासद किती, पुस्तकं किती हेही पाहतात. म्हणजे तुमचं-माझं नाव कमी झालं, की ते कपाट तेवढं दुबळं होतं.

शेवटचं काम खास आपल्या घरातलं. तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर आजीची ओव्यांची वही, सासऱ्यांची हिशोबाची चोपडी, गावच्या शाळेची एखादी जुनी स्मरणिका असेल. ती अजून कुठल्याच सूचीत नाही. दिवसा खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी वही ठेवा. पान सपाट करा आणि फ्लॅश न लावता मोबाईलने एकेका पानाचं छायाचित्र घ्या. पहिल्या पानासोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणाची वही, कुठलं गाव, अंदाजे कोणतं साल, ते तिच्यावर लिहा. डब्यावर चिठ्ठी लावतो तशी! ओव्या, पाळणे, रुखवताची गाणी असतील तर ती म्हणवून मुद्रित करा. सुरुवातीला म्हणणाऱ्या बाईंना स्वतःचं नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा. त्यांच्या परवानगीवाचून ते कुठेही पाठवू नका. दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण मोबाईल पाण्यात पडायला वेळ लागत नाही. आणि मूळ वही टाकून देऊ नका. ती सुती कापडात गुंडाळा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला भोवती ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. धान्याला जपतो तसंच की!

आता तुम्ही विचाराल, ‘अनामतीचं काय झालं?’ पर्समधलं कार्ड मी बाहेर काढलं खरं, पण ते राहिलेली वर्गणी भरायला. मुलीचंही नाव बाल विभागात घातलं. तिच्या प्रकल्पाच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली आहे, ‘हे पुस्तक मला मोबाईलवर सापडले नाही, काकांनी शिडीवर चढून दिले.’ बाईंनी त्याखाली लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिलाय.

सासूबाईंच्या ओव्या आतापर्यंत सतरा मुद्रित झाल्या. रोज जेवणं आटोपली की मी मोबाईल पुढे धरते आणि त्या आधी आपलं नाव सांगतात, मग माहेरचं गाव. तुमच्या घरी असं काय निघालं, ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी लोणच्याच्या बरण्यांकडे परत येऊच.